खापर तापेपर्यंत

हसमुखभाईंचा फोन संध्याकाळी आला.
सुरतेला या कोकिळाबेन, लग्नसराईचे चार महिने,
राहायला खोली, रोजचे हजार,
सोबतीच्या बाया तुम्हीच निवडा.
मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.
हाताला पीठ होतं, म्हणून फोन
खांदा आणि कान यांच्यात धरलेला,
आणि मानेत कुठेतरी काही आवळलं.

आवळलं ते काय होतं,
हेच मग शोधत बसले.

अमळनेरात बोरीला पाणी नाही, वारा आहे.
पत्रे वाजतात. रात्री दोनला जाग येते
आणि डोक्यात हिशोब सुरू:
भाषा येत नाही. गुडघा दुखतो.
पंकजची परीक्षा. खोलीला आतून कडी आहे का?
नवरा जाऊन वर्ष झालं नाही, आणि ही निघाली.
एकेकाला मी उत्तर देते,
कडी नसली तर लावून घेऊ,
की लगेच पुढचा प्रश्न हजर.
उत्तर नकोच असतं त्याला.
त्याला मी जागी हवी असते.

हे भेव. याला मी ओळखते.
पारोळ्याच्या जीपमध्ये बसू नको म्हणालं होतं.
उतरले, दोन तास उन्हात उभी राहिले.
जीप सुखरूप पोचली, आणि लग्नात
माझ्या वाटणीचं पुरण भटाबाईने वाटलं.

आणि ज्या सकाळी ह्यांनी
धुळे रस्त्याला सायकल काढली,
त्या सकाळी मला काहीच वाटलं नाही.
मी डाळ निवडत होते. गुणगुणतसुद्धा होते.
म्हणून आतल्या आवाजावर
माझा फार भरवसा नाही, हे आधीच सांगते.

पण हात.
हातांचं वेगळं आहे.

जिजी शिकवायची तेव्हा म्हणायची,
"खापर बोलस, आयक."
मला वाटायचं, पाणी शिंपडल्यावर चर्र होतं
तेच त्याचं बोलणं.
ते नव्हे. त्याच्या आधी.
मांडा कोपरापर्यंत उतरलेला असतो,
पलीकडची चूल दिसेल इतका झिरझिरीत,
आणि हात थांबतात. किंवा थांबत नाहीत.
कारण देत नाहीत. घाई करत नाहीत.
एकदा त्यांना न जुमानता मी टाकला,
मधोमध फाटला, पुरण विस्तवात.
जिजी एक शब्द बोलली नाही.

तर चौथ्या दुपारी चूल पेटवली.
ना लग्न, ना सण.
एकटीसाठी एवढं पीठ कोण भिजवतं?
पण डोकं गप्प करायला
दुसरा उपाय मला माहीत नाही.
मांडा हातांवर घेतला
आणि हसमुखभाईंचं बोलणं
वाक्य वाक्य करून हातांना ऐकवलं.
सुरत. हात चालू.
चार महिने. चालू.
परकी खोली, परकी माणसं. भेव ओरडलं,
हात चालूच.
मग त्यांचं ते शेवटचं, जाता जाता टाकलेलं:
"खापर-बिपर आणू नका हं,
इथे गॅस आहे, मोठा लोखंडी तवा आहे."

मांडा अर्ध्यावर लोंबत राहिला.

एवढंच होतं होय.
तीन रात्री मी सुरतेशी भांडत होते,
आणि अडलं होतं तव्यापाशी.

फोन लावला. येते म्हटलं.
खापर माझं, चूल लाकडाची, नाहीतर राहू द्या.
पलीकडे शांतता. भेवाला तेवढी जागा पुरली:
गेलं काम, गेले पैसे, मोठी आली शहाणी.
मी हातांकडे पाहिलं.
बोटांवर पीठ वाळून तडकत होतं. बाकी काही नाही.
"चूल बांधावी लागेल," ते म्हणाले.
"बांधा."

आता गाडीत आहे. नंदुरबार मागे पडलं.
खापर गोधडीत गुंडाळून मांडीवर.
समोरची बाई वाकून बघते,
"किती महिन्यांचं?"
"एकोणीस वर्षांचं," मी म्हणते.

गुडघा ठणकतोय.
खोलीला कडी आहे की नाही,
अजून माहीत नाही.